वरच्या मजल्याचा ताप : गच्चीवर काय घालावं आणि काय घालू नये

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एप्रिल-मेमधला हा अनुभव नवा नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, खिडकीबाहेर वारा बऱ्यापैकी गार आहे, पण पंखा लावला की अंगावर गरम झोत येतो. दोष पंख्याचा नसतो. त्याच्या वरचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि ती उष्णता तो रात्री खोलीत सोडत असतो. मग दीड टनाचा एसी येतो, खिडक्या बंद होतात, बिल वाढतं आणि बंद खोलीतली हवा कोंदट होते. हे सगळं टाळायचं तर खर्चाची सुरुवात स्लॅबच्या वरून करावी, खालून नाही. बाजारात आज जे उपाय मिळतात त्यांचं परीक्षण याच कसोटीवर केलं आहे.

आधी आकडे समजून घेऊ. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत भिंतींपेक्षा गच्चीवरच ऊन जास्त पडतं. चौरस मीटरला दिवसाला साधारण साडेसहा ते सात युनिट ऊर्जा. १५० मिमीच्या उघड्या आरसीसी स्लॅबचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता आरपार जाऊ देण्याचं माप, ३ च्या आसपास असतं. घरांसाठीच्या केंद्रीय ऊर्जा संहितेत, २०१८च्या इको निवास संहितेत, छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. स्लॅबचा वरचा पृष्ठभाग खोलीपेक्षा २० अंशांनी गरम धरला, तर एका चौरस मीटरमधून साधारण ७० वॉट उष्णता आत येते. साडेसहाशे चौरस फुटांच्या, म्हणजे ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला ती चार किलोवॉटच्या पुढे जाते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. थोडक्यात, एक अख्खा एसी फक्त छताशी झुंजत असतो.

काही विकत घेण्याआधी घरात एक मोजणी करा. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. निरभ्र दिवशी दुपारी तीन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा अशा तीन वेळा छताच्या खालच्या बाजूचं आणि त्याच खोलीतल्या आतल्या भिंतीचं तापमान घ्या. छत भिंतीपेक्षा चार-पाच अंशांनी किंवा जास्त गरम असेल, तर त्रास छताचाच आहे. पश्चिमेची भिंत जास्त तापलेली दिसली, तर गच्चीवर केलेला खर्च अर्धाच लागू पडेल. चकचकीत टाइल किंवा धातूवर हे यंत्र चुकीचं वाचतं. रंगवलेल्या छतावर ठीक चालतं. काम झाल्यावर तितक्याच कडक उन्हाच्या दिवशी पुन्हा मोजायचं. ठेकेदाराने सांगितलेल्या 'दहा अंशांच्या फरका'पेक्षा हा पुरावा भरवशाचा, कारण तो आकडा बहुतेक वेळा गच्चीच्या पृष्ठभागाचा असतो, खोलीचा नसतो.

पांढरा परावर्तक लेप

सर्वांत जास्त विकला जाणारा आणि सर्वांत जास्त बिघडवला जाणारा उपाय. तत्त्व साधं आहे : ऊन शोषायचं नाही, परत फेकायचं. यासाठी एसआरआय नावाचा निर्देशांक वापरतात. त्यात प्रमाणित काळ्या पृष्ठभागाला ० आणि पांढऱ्याला १०० गुण धरले आहेत. जुना राखाडी कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, ३५च्या आसपास असतो, चांगला नवा लेप १००च्या वर जातो. डब्यावरचा आकडा नव्या लेपाचा असतो, म्हणून विक्रेत्याकडे तीन वर्षं उघड्यावर ठेवलेल्या नमुन्याचा आकडा मागा. तो देता येत नसेल, तर डब्यावरच्या १०७ आणि ११० मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका.

फसगत होते ती थराच्या जाडीत. एक गणित लक्षात ठेवा : एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर १ मिमी होतो. लेपात घन भाग निम्मा असेल, तर वाळल्यावर ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिमी, उरतात. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. वॉटरप्रूफिंग आणि परावर्तन दोन्ही सांभाळेल असा ५०० मायक्रॉनचा थर हवा असेल, तर ९० लिटरहून अधिक माल लागतो. २० लिटरच्या दोन बादल्यांत तेवढी गच्ची 'दोन कोट' देऊन उरकली, तर वाळलेला थर २००-२२० मायक्रॉनचा होईल. घरंगळतं पाणी आणि चालणारे पाय यांपुढे तो दोन पावसाळे टिकला तर नशीब. म्हणून कोटेशनमध्ये 'दोन कोट' एवढंच लिहून घेऊ नका. 'प्रति चौरस मीटर किती लिटर' हे लिहून घ्या आणि रिकाम्या बादल्या मोजा.

लेप सुटण्याचं दुसरं कारण म्हणजे कोब्यात साठलेलं पाणी. वरून लेप चढला की ऊन पडताच आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि पुरीसारखे फुगे येतात. यावर फुकटातली चाचणी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा गच्चीवर चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि सोळा तास राहू द्या. खाली पाण्याचे थेंब किंवा कोब्यावर गडद डाग दिसला, तर अजून थांबा. पावसाळा संपल्याबरोबर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाईने लावलेले लेप याच कारणाने उचलतात.

क्रम असा असावा. तारेच्या ब्रशने शेवाळ आणि सुटलेला भाग खरवडून पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या. भेगा व्ही आकारात कापून भरा. कठड्याशी, म्हणजे गच्ची आणि पॅरापेट यांच्या कोपऱ्यात, वाटा (सिमेंटची गोलसर उतरती पट्टी) नीट आहे का ते पाहा. गळती इथूनच सुरू होते. भेगांवर आणि वाट्यावर पॉलिएस्टरची जाळी लेपात बुडवून बसवा. मग पातळ प्रायमर आणि त्यावर एकमेकांना काटकोनात दोन किंवा तीन हात. मेच्या दुपारी तापलेल्या कोब्यावर ब्रश फिरवला, तर लेप वरून सुकतो आणि खाली पकड घेत नाही. सकाळी लवकर किंवा चारनंतरच काम करावं. पाणी साचणाऱ्या खोलगट जागा आधी भरून घ्याव्यात. ॲक्रिलिक लेप साचलेल्या पाण्यात मऊ पडतो आणि तिथूनच सोलायला लागतो.

देखभाल हा याचा खरा खर्च आहे. पुण्यात धूळ, मुंबई-ठाण्यात आणि कोकणपट्टीत पावसाळ्यातलं काळं शेवाळ. दिवाळीपर्यंत पांढरी गच्ची करडी झालेली असते. दर फेब्रुवारीत झाडून, ब्रशने घासून धुतली नाही, तर परावर्तनाचा मोठा भाग गेला असं समजा. शेजारी उंच इमारत असेल तर तिकडच्या खिडक्यांत चकाकी जाते, हेही सोसायटीच्या सभेत आधी बोलून घ्यावं.

एवढं सांभाळता येत असेल, तर सुस्थितीतल्या कोब्यावर हा पहिला उपाय. वजन नगण्य, काम चार-पाच दिवसांचं. बजेट अजिबात नसेल, तर हायड्रेटेड चुना आणि थोडं ॲक्रिलिक बाइंडर घातलेली सफेदीही पहिल्या उन्हाळ्यात उत्तम काम देते. फक्त ती पहिल्या पावसात धुऊन जाते, म्हणून दर वर्षी होळीच्या आधी पुन्हा मारायची. वॉटरप्रूफिंग म्हणून तिचा उपयोग शून्य.

पांढऱ्या तुकड्यांची गच्ची

चायना मोझॅक म्हणजे विटांच्या कोब्यावर बसवलेले चकचकीत पांढऱ्या टाइलचे तुकडे. जुन्या मुंबई-पुण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे आणि अजूनही मानाचं आहे. झिलई असल्याने धूळ पावसात धुऊन जाते, पांढरेपणा लेपापेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकतो, वर चालता येतं, वाळवणं घालता येतात. तुकडे शक्य तितके पांढरेच घ्यावेत. टाइलच्या दुकानातला रंगीत भंगार माल स्वस्त मिळतो, पण त्याने निम्मा उद्देश हरवतो. दोन तुकड्यांमधली फट राखाडी सिमेंटने न भरता पांढऱ्या सिमेंटने भरावी, कारण क्षेत्रफळाचा बराच भाग या फटींचा असतो. ओल्या गच्चीवर पाय घसरतो, तेव्हा अगदी गुळगुळीत मोठे तुकडे टाळावेत.

मोठा धोका वजनाचा. साडेचार इंची विटांच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं. इमारतींवरच्या भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीसाठी माणसं-सामान मिळून १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरतात. म्हणजे जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवला, तर अभियंत्याने हिशेबात न धरलेला एवढा भार कायमचा स्लॅबवर बसतो. 'जुना तोडायचा खर्च वाचतो' म्हणून हे अनेक सोसायट्यांत झालं आहे, काही ठिकाणी तर दोनदा. ३० वर्षांवरच्या इमारतीत स्ट्रक्चरल ऑडिटशिवाय याला हात लावू नये. तोडतानाही ब्रेकर मशीन नको. हातोडी-छिन्नीने, छोट्या भागांत तोडावं, नाहीतर खालच्या घरातला गिलावा पडतो.

कोबा आणि पांढरे तुकडे मिळूनही यू-मूल्य २.२च्या घरात राहतं. ऊन परत जातं म्हणून फायदा होतो, पण संहितेची १.२ची मर्यादा यातून गाठता येत नाही.

एक्सपीएस बोर्ड : खर्चिक, पण काम याचंच

गच्ची नव्याने करायचीच असेल तर हा उपाय घ्या. एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनचे निळे, गुलाबी किंवा हिरवे बोर्ड, जाडी ५० मिमी, घनता ३० ते ३६ किलो प्रति घनमीटर. ५० मिमीचा एक थर घातला की उघड्या स्लॅबचं ३ असलेलं यू-मूल्य ०.५पर्यंत येतं. वरच्या उदाहरणातली चार किलोवॉट उष्णता साधारण सहाशे वॉटवर येते. बोर्डाचं स्वतःचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा नाही.

दुकानदार 'तेच आहे, स्वस्त आहे' म्हणून पांढरा थर्माकोल पुढे करेल. ते घेऊ नका. थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि भिजलेला थर्माकोल उष्णता अडवत नाही. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, म्हणून तो वॉटरप्रूफिंगच्या वर, पावसाच्या बाजूला ठेवता येतो. यात वॉटरप्रूफिंगचाही फायदा आहे : बोर्डाखाली तो थर ना उन्हात भाजत, ना पायाखाली येत, आणि त्याचं आयुष्य वाढतं.

थरांची रचना खालून वर अशी. स्लॅबवर १०० ला १ असा उतार दिलेला सिमेंटचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा. मग गच्चीत ४८ तास पाणी साठवून चाचणी. ही चाचणी बोर्ड बसण्याआधीच व्हायला हवी, नंतर गळतीची जागा सापडत नाही. चाचणी पास झाली की बोर्ड. २५ मिमीचे दोन थर सांधे चुकवून घातले तर ५० मिमीच्या एका थरापेक्षा चांगले, कारण सांध्यातून उष्णतेला सरळ वाट मिळत नाही. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड, मग जाळी घातलेला ५० मिमी काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरे तुकडे किंवा पांढरी फरशी. हा काँक्रीटचा थर चौरस मीटरला ११५ किलोपर्यंत जातो, तेव्हा जुना कोबा काढूनच हे करायचं.

बिघडतं ते वरच्या काँक्रीटमध्ये. खाली उष्णता जात नाही, म्हणून तो थर साध्या गच्चीपेक्षा जास्त तापतो आणि वळवाच्या सरीत एकदम गार होतो. इतक्या ताणात तो सलग ओतला असेल, तर पहिल्याच मेमध्ये आडव्यातिडव्या भेगा पडतात. म्हणून तीन बाय तीन मीटरचे चौकोन करून मधले सांधे लवचीक सीलंटने भरावेत आणि कठड्याच्या कडेलाही सांधा सोडावा. मिस्त्रींना ही सवय नसते, सांधे 'दिसायला वाईट' म्हणून ते बुजवतात. या एका बाबतीत कुणीतरी उभं राहून काम करून घ्यावं.

आणखी एक चूक जिन्याच्या दारात होते. सगळे थर मिळून गच्ची सहज चार-पाच इंच वर येते. जिन्याच्या खोलीचा उंबरा त्याहून खाली राहिला, तर मुसळधार पावसात पाणी जिन्यातून खाली उतरतं. पावसाळी पाइपांची तोंडंही नव्या पातळीला आणावी लागतात. कठड्याची उंची भरल्यावर एक मीटरपेक्षा कमी उरत असेल, तर वर रेलिंग बसवणं आलंच. हे तिन्ही खर्च बहुतेक कोटेशनमध्ये नसतात, आधीच विचारा.

फवारून घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम हा याचा चुलतभाऊ. तेवढ्याच जाडीत तो उष्णता आणखी चांगली अडवतो, सांधा नसतो, पत्र्याच्या शेडखाली किंवा वाकड्या पृष्ठभागावर तो उत्तम. मात्र उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून त्याची भुकटी होते, कावळे टोचतात, चालल्यावर खड्डे पडतात. फवारताना निघणारी रसायनं श्वसनाला घातक असतात. शेवटच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या बंद करून तो दिवस-रात्र घराबाहेर काढावा. दम्याचे रुग्ण आणि लहान मुलांच्या बाबतीत यात तडजोड नको. राहत्या सोसायटीच्या वावराच्या गच्चीवर आम्ही हा सुचवणार नाही.

सावली : पत्रा, सोलर, शेडनेट

ऊन स्लॅबवर पडूच दिलं नाही, तर इतर काहीच करावं लागत नाही. त्यामुळे सावलीचे उपाय तत्त्वतः सर्वांत चांगले. पत्र्याची शेड घालणाऱ्या सोसायट्या मुख्यतः गळतीला कंटाळून ती घालतात. त्यात उष्णताही कमी होते, पण दोन अटींवर : बाजू उघड्या असाव्यात, म्हणजे पत्र्याखालची तापलेली हवा वाहून जाईल, आणि पत्रा वरून पांढरा असावा. निळ्या किंवा हिरव्या पत्र्याखाली, बाजू बंद केलेल्या शेडमध्ये गच्ची भट्टी होते. महापालिकेची परवानगी आधी घ्यावी लागते. बाजू बंद केल्या की ती शेड बेकायदा बांधकामाच्या व्याख्येत सहज जाते.

त्यापेक्षा सोलर पॅनेलची सावली घ्या. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,०००. सात-आठ फूट उंच सांगाड्यावर पॅनेल बसवले तर खाली गच्ची वापरता येते आणि वाराही खेळतो. एकच गोष्ट जपा : सांगाड्याचे पाय बसवायला वॉटरप्रूफिंगमध्ये भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे किंवा कॉलमवरून उचललेले पाय वापरा आणि वाऱ्याच्या भाराचा हिशेब अभियंत्याकडून सही करून घ्या. सोलरवाल्याने पाडलेल्या भोकातून गळती झाली, तर वॉटरप्रूफिंगवाल्याची वॉरंटी त्याच दिवशी संपते.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी शेतकरी वापरतात ती ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट. सोसायटीने परवानगी दिली, तर मार्च ते मे या काळापुरती बेडरूमवरच्या भागावर सात फुटांवर ताणायची. खूप स्वस्त, वजन नाही, लगेच फरक. वळवाच्या वादळात ती फाटते किंवा उडते, म्हणून कडेला दोरी ओवून दर फुटाला बांधावी आणि पावसाळ्यापूर्वी उतरवावी.

गच्चीवर रोज पाणी मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. शास्त्र बरोबर आहे, एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. पण मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत ते पाणी आणायचं कुठून? शिवाय तापलेल्या कोब्यावर गार पाणी पडून भेगा वाढतात. सलग मातीची बागही अशीच फसवी : सहा इंच भिजलेली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जाते. कुंड्या ठेवायच्या तर कॉलम-बीमच्या रेषेवर आणि स्टँडवर.

सोसायटी ऐकत नसेल तर : आतून फॉल्स सीलिंग

हा शेवटचा पर्याय आहे, पहिला नव्हे. इंटिरियरवाले तो पहिला म्हणून विकतात. छताखाली ५० मिमी रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची गादी) आणि खाली जिप्सम बोर्ड घातलं, तर खोलीत येणारी उष्णता एक्सपीएसइतकीच कमी होते. पण स्लॅब स्वतः तसाच तापत राहतो, फुगतो-आकसतो, भेगा आणि गळती चालूच राहते. आता ती गळती दिसतही नाही. पावसाळ्यात बोर्डाच्या वर ओल साठते, काळी बुरशी येते आणि घरातल्यांना शिंका-खोकला लागतो. कारण कळेपर्यंत दिवाळी येते. म्हणून गळतीचा एकही डाग असलेल्या छताखाली फॉल्स सीलिंग करू नये. डाग नसेल तरी निरीक्षणासाठी एक उघडता येणारी झडप ठेवावी.

वूल फॉइलमध्ये पूर्ण बंद केलेलं घ्यावं, उघडे तंतू खोलीच्या हवेत येता कामा नयेत. छताला थर्माकोल चिकटवून वर पीओपी मारण्याचं काम अजून कुणी करत असेल तर साफ नकार द्या. आग लागली तर तो वितळत पेटतो आणि धूर विषारी असतो. उंचीही मोजा. राहत्या खोलीची किमान उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेत २.७५ मीटर आहे. साडेनऊ फुटांच्या खोलीत आठ इंचांचं सीलिंग केलं की ती त्याखाली जाते. पंख्याची पाती आणि छत यांत फूटभर अंतर हवं, नाहीतर पंख्याला वरून हवा मिळत नाही. फक्त बेडरूममध्ये, चार इंचांत बसेल एवढंच सीलिंग केलं तर तोटा कमी.

छतानंतरची यादी

भिंतींचा प्रश्न नव्या टॉवरमध्ये उलट वाढला आहे. ॲल्युमिनियम साच्यात ओतलेल्या, मिव्हान पद्धतीच्या १६० मिमी काँक्रीटच्या भिंतीचं यू-मूल्य साडेतीनच्या पुढे असतं. जुन्या नऊ इंची विटांच्या भिंतीचं २, आणि २०० मिमी एएसी ब्लॉकचं, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याचं, साधारण ०.७. म्हणजे आजीच्या वाड्यातली नसली, तरी साध्या विटेची भिंतही यापेक्षा गार. फ्लॅट घेताना बिल्डरला टाइलचा ब्रँड विचारण्याआधी बाहेरच्या भिंती कशाच्या आहेत आणि संहितेप्रमाणे आरईटीव्ही (बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप) १५च्या आत आहे का, हे विचारा. एएसीच्या भिंतीत वेगळी काळजी : ब्लॉक विटांसारखे भिजत ठेवू नयेत, सांधा ३ मिमी अॅडहेसिव्हचा, कॉलम-बीमला मिळतात तिथे जाळी घालूनच गिलावा. तसं न केल्यास त्या रेषेत केसासारखी भेग हमखास पडते.

पश्चिमेच्या खिडकीला छज्जा उपयोगी पडत नाही, चारनंतर ऊन त्याच्या खालून आत येतं. साध्या काचेतून उन्हाच्या उष्णतेचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग आत शिरतो. सनफिल्म ती काही प्रमाणात अडवते, पण काच स्वतः तापते. कडेला टवका उडालेली साधी काच अशी तापून तडकते. काचेच्या बाहेर लावलेला बांबूचा चिक याहून प्रभावी आणि दुरुस्तीला सोपा. आतल्या जाड पडद्याने अंधार होतो, उष्णता आत आलेलीच असते.

दोन ट्रॅकची सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. मुंबईसारख्या दमट हवेत संहिता उघडणाऱ्या भागाचं प्रमाण चटई क्षेत्राच्या एक षष्ठांश सांगते. नवीन खिडकी करायचीच असेल, तर दारासारखी उघडणारी करा. छत गार झालं की रात्री एसी बंद ठेवून ही खिडकी उघडी ठेवता येते, आणि आरोग्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. बंद बेडरूममध्ये दोन माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमवरून (दहा लाखांत ४२० भाग) रात्रीत हजाराच्या बरंच वर जातं. सकाळी डोकं जड होण्याचं एक कारण हे असतं. एसी लावायचाच तर बाथरूमचा एक्झॉस्ट मंद चालू आणि खिडकी बोटभर उघडी.

पंख्याबद्दल फार लिहायला नको. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, जुना ७५. दिवसाला बारा तासांत महिन्याला सोळा युनिट वाचतात. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका, त्याच्यासकट चालवला तर आतलं सर्किट जळतं. छताचं काम होईपर्यंत नवा एसी घेऊ नका. काम झाल्यावर दीड टनाऐवजी एक टन पुरण्याची बरीच शक्यता असते, आणि मोठा एसी वारंवार थांबत राहिला तर खोलीतला दमटपणा नीट काढत नाही.

राहिला प्रश्न सोसायटीला पटवण्याचा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती आणि तिची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. म्हणून फक्त 'आमचं घर तापतं' असा अर्ज देऊ नका. वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधक थर यांचा एकत्र प्रस्ताव द्या, सोबत छताच्या तापमानाची नोंद आणि गळतीचे फोटो जोडा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, तेव्हा प्रस्ताव ऑगस्टमध्येच समितीकडे पोहोचायला हवा. मंजुरी मिळाली की ऑक्टोबरमध्ये कोटेशन, नोव्हेंबरमध्ये प्लॅस्टिकच्या तुकड्याची ओलावा चाचणी, डिसेंबर-जानेवारीत काम. पाणी साठवण्याच्या चाचणीच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातून एक माणूस छताखाली टॉर्च घेऊन हजर असावा, आणि त्याची सही झाल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सुटू नये.